फाईल विमा कंपनीला मिळते, पुढच्या डॉक्टरला का मिळत नाही?

प्रति,
महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयं, नर्सिंग होम, पॅथॉलॉजी लॅब आणि सोनोग्राफी-सीटी सेंटरचे चालक, आणि माझे सर्व डॉक्टर सहकारी

विषय : पेशंटच्या नोंदी एकमेकांना पाहता येतील अशी व्यवस्था आपण स्वतःहून सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. स्वतःचं छोटं रुग्णालय चालवतो. आरएमओ (रुग्णालयातले निवासी डॉक्टर) टिकत नाहीत, सिस्टर मिळत नाहीत, बिलं थकतात, हे सगळं माझ्याही घरचंच आहे. त्यामुळे खाली जे मागणार आहे ते किती खर्चाचं आणि किती कटकटीचं, याचा अंदाज घेऊनच मागतोय.

आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा किंवा कॅशलेसचा पेशंट दाखल झाला की काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. आरोग्यमित्र किंवा टीपीए डेस्कवरचा (विम्याचे क्लेम पाहणारा) मुलगा कागद गोळा करायला लागतो. आधार, रेशनकार्ड, अ‍ॅडमिशन नोट, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, अँजिओग्राफीची चित्रं, स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड. सगळं स्कॅन होतं, पोर्टलवर चढतं. एखादं पान तिरकं आलं तर क्वेरी येते, मग ते पान पुन्हा स्कॅन होतं. एक कागद राहिला तर क्लेम अडकतो, म्हणून एकही कागद राहत नाही. योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली तेव्हापासून आपण हे करत आलोय आणि चांगलं करतोय.

तोच पेशंट सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता दुसऱ्या गावच्या कॅज्युअल्टीत पोचतो. तिथल्या आरएमओच्या हातात काय पडतं? नातेवाइकांनी घाईघाईत उचललेली कॅरीबॅग. तीत चार मेडिकलची बिलं, एक लग्नपत्रिका, एमआरआयची फिल्म आणि डिस्चार्ज कार्डाचं दुसरं पान. पहिलं पान घरी.

रेकॉर्ड डिजिटल करायला वेळ नाही, माणूस नाही, पैसा नाही, असं आपण डॉक्टर संघटनेच्या शाखेच्या प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. पैसे मिळवायचे असतात तेव्हा वेळ, माणूस आणि स्कॅनर तिन्ही सापडतात.

एक उदाहरण माझ्या विषयातलं देतो, कारण त्यातलं बारीकसारीक मला माहीत आहे. साठीचा माणूस, छातीत दुखतंय, दरदरून घाम. ईसीजी काढला तर लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या एका वाटेत अडथळा. हा ब्लॉक आजचाच असेल तर हार्ट अ‍ॅटॅकच्या शक्यतेने धावपळ करावी लागते. पाच वर्षांपासूनचा असेल तर विचार वेगळ्या दिशेने करता येतो. एकट्या पट्टीवरून हे सांगणं अवघड असतं. जुना ईसीजी शेजारी ठेवला की बऱ्याचदा अर्ध्या मिनिटात उलगडा होतो. आमच्या गावात कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, नाही. म्हणजे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन इथंच द्यायचं की ॲम्ब्युलन्समध्ये घालून लातूर-सोलापूरला पाठवायचं, हे मला काही मिनिटांत ठरवायचं असतं. त्या इंजेक्शनने शंभरातल्या एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गरज असेल तर ते वेळेत द्यायलाच हवं, आणि गरज नसेल तर चुकूनही देऊ नये.

मी विचारतो, "जुना ईसीजी आहे का?" मुलगा म्हणतो, "आहे ना सर." फाईल उघडतो, पट्टी काढून देतो. पट्टी थर्मल कागदावरची असते, दोन-तीन उन्हाळे पत्र्याच्या घरात कपाटावर काढलेली. त्यावर फिकट गुलाबी चौकटी तेवढ्या उरलेल्या असतात, रेघ उडून गेलेली. कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं नाव आणि तारीख मात्र शाबूत. (ज्यांचं मशीन अजून थर्मल कागदावर छापतं त्यांनी निदान पट्टीची झेरॉक्स काढून फाईलला लावावी. एवढ्यासाठी कुठल्या मिशनची वाट पाहायला नको.)

गंमत अशी की तो ईसीजी हरवलेला नसतो. ज्या रुग्णालयात तो काढला तिथल्या कॉम्प्युटरवर, क्लेमच्या फोल्डरमध्ये, तो स्वच्छ स्कॅन करून ठेवलेला असतो. फक्त रात्री दोन वाजता तो मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन धातूची झडप बसवलेल्या पंचविशी-तिशीतल्या बायका आपल्याकडे थोड्याथोडक्या नाहीत. त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर असते आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) बघत बघत तिचा डोस ठरतो. अशी बाई जुलाब होतात म्हणून जवळच्या दवाखान्यात जाते. तिथला डॉक्टर बिचारा विचारतो, काही गोळ्या चालू आहेत का? ती म्हणते, "हाये की एक, पांढरी, बारकी." पांढऱ्या बारक्या गोळ्या बाजारात किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. मग मेट्रोनिडाझोल सुरू होतं, अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकही. पहिल्याने त्या पांढऱ्या गोळीचा असर वाढतो, दुसऱ्याने पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. आठवडाभरात तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागतं. यात चूक कुणाची? देणाऱ्याने विचारलं होतं, घेणारीने खरं तेच सांगितलं होतं. ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर गोळीचं नाव, आयएनआरची मर्यादा सगळं टाइप करून दिलं होतं. फक्त ते कार्ड माहेरी होतं.

आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बीड जिल्ह्यातून तर गावंच्या गावं रिकामी होतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथं फड मिळेल तिथं. पाच-सहा महिने कोपीत राहायचं. या माणसांची बीपीची गोळी कुठे सुरू होते आणि कुठे तुटते याचा हिशोब कुणाकडेच नसतो. याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यावर बोलायचं तर वेगळं पत्र लिहावं लागेल. इथे एवढंच सांगतो, की अशी चाळिशीतली बाई हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात म्हणून माझ्याकडे येते तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली होती का? तिला माहीत नसतं. "पिशवी काढली" एवढंच तिला सांगितलेलं असतं. ऑपरेशन नोट पाहिली तर उत्तर एका ओळीत असतं, आणि ऑपरेशन गरजेचं होतं का, याचंही उत्तर बहुधा तिथेच असतं. काहींना नोंदी दुसऱ्यांना दिसू नयेत असं वाटण्याचं कारणही तेच असावं, हे आपल्यात तरी आपण कबूल करू.

याउलट त्याच टोळीत क्षयाचा पेशंट असेल तर त्याची नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर असते. तो बीडहून कोल्हापूर जिल्ह्यात गेला तरी तिकडच्या केंद्राकडे त्याची केस वर्ग करता येते, कोणती औषधं किती दिवस झाली ते तिथल्या माणसाला दिसतं. कोविडच्या लशीचंही तसंच. पहिला डोस पुण्यात, दुसरा गावी, तरी कोविनवर दोन्ही एकाच नावाखाली. म्हणजे आपल्या देशात, आपल्या नेटवर्कवर, आपल्याच लोकांकडून हे होऊ शकतं. सरकारने कंबर कसली त्या दोन आजारांत झालं, आपल्या हातात सोडलेल्या बाकी सगळ्यांत राहिलं.

आता नोंदी पेशंटच्या हातात देण्याबद्दलचा कायदा. तो नवा नाहीच. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं होतं की गुप्ततेचं कारण देऊन पेशंटला केस पेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद देण्याचा नियम आहे. त्याच आचारसंहितेत नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असंही लिहून ठेवलंय. तेव्हा गावात इंटरनेट म्हणजे कॅफेत जाऊन तासाचे पैसे मोजणं होतं. आज वॉर्डबॉयच्या खिशात फोर-जी आहे, आणि इंडोर पेपरची (दाखल असतानाच्या कागदांची) प्रत मागायला आलेल्या मुलाला आपण अजूनही "उद्या या, रेकॉर्डवाले सुट्टीवर आहेत" म्हणतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये. त्यातला चौदा आकडी आभा क्रमांक, म्हणजे माणसाच्या आरोग्याच्या नोंदी ज्याला जोडायच्या तो ओळख क्रमांक, आता बऱ्याच जणांच्या कानावर आलाय. २०२५ च्या सुरुवातीलाच देशात ७० कोटींहून अधिक क्रमांक निघाले होते. माझ्या ओपीडीत येणाऱ्या कितीतरी जणांकडे आभा आहे. उघडून पाहिलं तर आत शुकशुकाट. कारण भरायचं आपण होतं.

या व्यवस्थेबद्दल आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फिरतं त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तुमच्याकडचं रेकॉर्ड दिल्लीतल्या कुठल्या एका गोदामात जाऊन पडत नाही. ते तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये राहतं, फक्त आभाशी जोडलं जातं. मला ते बघायचं असेल तर मी विनंती पाठवतो. पेशंटच्या मोबाईलवर ती येते: कोण मागतंय, कशासाठी, कोणते कागद, कोणत्या तारखांमधले आणि किती दिवसांसाठी. तो हो म्हणाला तर तुमच्याकडून माझ्याकडे कुलूपबंद अवस्थेत माहिती येते. नको म्हणाला तर नाही येत. आज दिलेली संमती तो उद्या मागेही घेऊ शकतो. आणि सगळं टाइप करायला हवं असंही नाही, स्कॅन केलेली पीडीएफ चालते. म्हणजे तुमच्या टीपीए डेस्कवरच्या मुलाने आज जी फाईल बनवली तीच.

आता मनातलं बोलतो. "माझा पेशंट दुसरीकडे जाईल" ही भीती. तो जातोच आहे. आमच्या गावचा पेशंट गाठ निघाली की बार्शीला किंवा मुंबईला टाटाला जातो, गुडघ्यासाठी पुण्याला जातो, मुलगा जिथं नोकरीला तिथल्या हार्टवाल्याकडे जातो. फाईल अडवून कुणी थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. उलट माझं डिस्चार्ज कार्ड व्यवस्थित दिसलं तर पुण्याचा डॉक्टर त्याला परत माझ्याकडेच फॉलोअपला पाठवतो, हा अनुभव आहे.

तपासण्या पुन्हा पुन्हा होण्याचं दुखणं जास्त नाजूक आहे. काही तपासण्या पुन्हा कराव्याच लागतात. महिन्यापूर्वीच्या क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाच्या तपासणीवर) विसंबून कुणी आज सीटीसाठीचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन देणार नाही. काही वेळा समोरच्या लॅबवर विश्वास नसतो, तेही समजू शकतं. पण सोमवारी केलेलं थायरॉइड आणि लिपिड प्रोफाइल गुरुवारी पुन्हा लिहिलं जातं तेव्हा त्यामागे कोणतं शास्त्र असतं ते आपल्याला ठाऊक आहे. कट प्रॅक्टिसविरोधी (पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याविरोधी) कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये आपल्याच राज्यात तयार झाला होता, कायदा काही झाला नाही. आधीचा रिपोर्ट स्क्रीनवर समोर दिसत असताना तीच तपासणी पुन्हा लिहिणं जरा जड जाईल, आणि ते जड जावं अशी माझी इच्छा आहे. शेतमजुराच्या खिशातून जाणारे हे पैसे आहेत.

कोर्टाची भीती अनेकांना वाटते. नोंद दिसली की कुणीतरी चूक काढेल. ग्राहक आयोगात डॉक्टर अडकतो तो बहुतेकदा नोंद नसल्यामुळे, किंवा नंतर घुसडलेली दिसल्यामुळे. वेळच्या वेळी केलेली, तारीख-वेळ पडलेली नोंद हाच आपला साक्षीदार असतो.

माहिती फुटण्याच्या भीतीला मात्र मी हसणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले आणि दोन आठवड्यांच्या आसपास देशातलं एवढं नावाजलेलं रुग्णालय कागद-पेनावर चाललं. तिथं ही गत, तर माझ्या रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरचं काय, ज्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो? पण तो कॉम्प्युटर आजही आहे आणि त्यावर आजही सगळ्यांचे रिपोर्ट आहेत. नोंदी जोडल्या नाहीत म्हणून त्या सुरक्षित होत नाहीत. पेशंटचे एक्स-रे आपण ग्रुपवर नावासकट टाकतो, त्याला कुठली संमती असते? वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलाय, त्याची झळ लागायच्या आत प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि नियमित बॅकअप एवढं तरी करायला हवं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. खेड्यात घरात एक चांगला मोबाईल असतो आणि तो मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो. सासूबरोबर आलेली सून पाळीचं सांगते आणि सासू बाहेर गेल्यावर हळूच गर्भनिरोधकाचं विचारते. तिची ती नोंद आभाला जोडली तर संध्याकाळी ती नवऱ्याच्या मोबाईलवर असेल. गर्भपात, एचआयव्ही, मानसिक आजार यांच्या गुप्ततेसाठी स्वतंत्र कायदे आहेत, पण कायदा ओटीपी कुणाच्या फोनवर वाजतो ते बघत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: या प्रकारच्या नोंदी, पेशंटने एकांतात स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय, जोडायच्याच नाहीत. "पेशंटची संमती घेतली" असं म्हणताना संमती खरंच पेशंटची होती का हे बघायला रिसेप्शनवरच्या मुलीला शिकवावं लागेल. हे काम सॉफ्टवेअर कंपनी करून देणार नाही.

एस्टोनियाचं उदाहरण वाचलं तेव्हा मला तिथल्या यंत्रांपेक्षा एका सोयीचं कौतुक वाटलं. लोकसंख्या आपल्या गोंदिया जिल्ह्याएवढी, तेरा-चौदा लाख. २००८ पासून तिथं देशभरात आरोग्याच्या नोंदी जोडलेल्या आहेत, आणि आपली फाईल कुणी आणि कधी उघडली हे माणसाला स्वतःला बघता येतं. कारण नसताना शेजाऱ्याची फाईल उघडणारा डॉक्टर तिथे पकडला जाऊ शकतो. आपल्या गावात, जिथं कंपाउंडर सगळ्यांचा नातेवाईक असतो, तिथं या एका सोयीसाठी आपण सगळ्यांनी मिळून हट्ट धरायला हवा.

माझी मागणी छोटी आहे. संपूर्ण इंडोर फाईल कुणी मागत नाहीये. डिस्चार्ज कार्ड, लॅबचे रिपोर्ट, ईसीजी आणि चालू औषधांची यादी, तिच्यातच ॲलर्जी असेल तर ठळक अक्षरांत. एवढं पुढच्या डॉक्टरला दिसलं तरी रात्रीचे निम्मे अंदाज संपतील. लॅबवाल्यांना हे सर्वांत सोपं आहे, कारण त्यांचे रिपोर्ट मशीनमधूनच डिजिटल बाहेर येतात. त्यांनी सुरुवात करावी. नवीन सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: ते डिजिटल मिशनशी जोडलेलं आहे, आणि कंपनी बदलली तर आपला सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. दुसरी अट विसरलेले आणि आता जुन्या कंपनीच्या दारात उभे असलेले किमान तीन मित्र मला माहीत आहेत. नोंदी जोडणाऱ्या रुग्णालयांना आणि लॅबना केंद्राने जानेवारी २०२३ पासून प्रोत्साहन रकमेची योजनाही आणली. तिच्या सध्याच्या अटी आपापल्या अकाउंटंटला तपासायला सांगा.

बेशुद्ध पेशंटचं काय, हा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येणार. जिवावर बेतलेल्या प्रसंगी संमतीशिवाय माहिती वापरायला २०२३ च्या कायद्यात वाट ठेवलेली आहे. ती आपल्या जिल्ह्यात कोणी, कोणाच्या सहीने वापरायची आणि नंतर पेशंटला कसं कळवायचं, हे आपण जिल्हा शल्यचिकित्सकांबरोबर एकदा बसून ठरवू शकतो. त्यासाठी मुंबईहून जीआर यायची गरज नाही.

आमच्या गावात तीन रुग्णालयं आणि दोन लॅब यांनी एकत्र बसायचं ठरवलंय. शुगर-बीपीच्या पेशंटपासून सुरुवात, कारण तेच सगळ्यांकडे फिरतात. तुमच्या तालुक्यात असं काही करायचं असेल तर शाखेच्या पुढच्या सीएमईत (डॉक्टरांच्या शैक्षणिक सभेत) औषध कंपनीच्या स्लाइड्सच्या आधी अर्धा तास मागून घ्या, आणि टीपीए डेस्कवरच्या त्या मुलाला बरोबर घेऊन जा. स्कॅनिंगबद्दल आपल्या सगळ्यांपेक्षा त्याला जास्त कळतं.

आपला,
एक फिजिशियन, मराठवाडा